नवा टर्बो ऑइल का फेकतो?

नवा टर्बो बसवला, गाडी दोन-चार दिवस मजेत पळाली, आणि मग सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला किंवा पार्किंगच्या फरशीवर काळे थेंब दिसायला लागले, की गॅरेजात एकच निकाल लागतो : "सील गेलं. पीसच खराब आला." मग टर्बो उतरवायचा, दुकानदाराशी हुज्जत घालायची, दुसरा आणून चढवायचा. आठवड्याभरात तोही ऑइल फेकायला लागतो. लागोपाठ दोन नवे पीस खराब निघण्याचा योग तसा दुर्मीळ. तरी संशय टर्बोवरच जातो, कारण ऑइल दिसतं ते त्याच्याच अंगावर.

क्रँकच्या टोकाला जसं रबराचं ऑइल सील असतं, तसं टर्बोत नसतं. असूच शकत नाही. टर्बोच्या गाभ्यात एक शाफ्ट असतो. त्याच्या एका टोकाला टर्बाइनचं चाक, ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरतं. दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं चाक, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि मूळ मांडणी आजही तीच आहे. छोट्या कारच्या टर्बोत हा शाफ्ट जेमतेम सहा-सात मिलिमीटर जाडीचा असतो आणि गाडी जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेरे सहज घेतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. टर्बाइनच्या बाजूला डिझेल गाडीत सात-आठशे अंश सेल्सिअसचा गॅस, पेट्रोलमध्ये त्याहूनही गरम. तिथे रबर काही मिनिटंही टिकायचं नाही.

म्हणून दोन्ही टोकांना असते ती धातूची बारीक रिंग, पिस्टनला असते त्याच जातीची. रिंग आपल्या ताणाने घराच्या भिंतीला धरून बसते, शाफ्टवरची खाच तिच्या आत फिरते, आणि दोघांमध्ये फट मुद्दाम ठेवलेली असते. ऑइल अडवणं हे त्या रिंगेचं मुख्य काम नव्हेच. बाहेरचा दाब आत घुसू नये, निदान कमी घुसावा, यासाठी ती असते. ऑइलला खरं अडवतो तो दाबातला फरक. टर्बो काम करत असताना एका बाजूने दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूने सायलेन्सरकडे निघालेला गॅस, दोघंही त्या फटीतून आत ढकलत असतात. आत ऑइल असतं, पण त्याला दाब नसतो, त्यामुळे ते बाहेर येत नाही.

त्याला दाब का नसतो, हे समजलं की निम्मं निदान झालं. ऑइल टर्बोत येतं पंपाच्या दाबाने, वरून, बँजो बोल्टच्या भोकातून. गरम इंजिनात आयडलला एखादा बार, रेस केल्यावर तीन-चार. बेअरिंगमधून निसटलं की तो दाब संपतो. शाफ्टच्या वेगाने आणि आत शिरलेल्या गॅसने त्याचा फेस होतो, आणि हा फेस केवळ स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतो. त्याला ओढणारं कुणी नसतं. येणाऱ्या पाइपाचं भोक तीन-चार मिलिमीटर आणि जाणाऱ्याचं बारा ते सोळा, ते याचसाठी. आता ही खालची वाट कुठे अडली, तर मधलं घर ऑइलने भरत जातं आणि रिंगेच्या फटीतून ते दोन्हीकडे जायला लागतं. मोरी तुंबली की पाणी उंबरा ओलांडून घरात येतं, तेव्हा आपण उंबरा बदलत नाही. नवा टर्बो ऑइल फेकत असेल, तर बहुतेक वेळा तो उंबरा असतो आणि दोष मोरीत असतो.

पण आधी हे ठरवायला हवं की गळती बाहेरची आहे की आतली. बाहेरची असेल तर थेंब पडतात, अंग ओलं होतं, बॉनेटमधून जळका वास येतो. आतली असेल तर खाली एक थेंब नाही, पण डिपस्टिकवरची पातळी उतरत जाते आणि मागे धूर. दोन्हींची कारणं बरीच वेगळी आहेत आणि गल्लत केली की नाहक पैसे जातात.

बाहेरच्या गळतीत घाई करणाऱ्याला काहीच सापडत नाही. सगळंच काळं आणि ओलं असेल तर नवं ऑइल कुठलं आणि जुनं कुठलं, ते कळणार कसं? इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बो, त्याच्या वरचं टॅपेट कव्हर, पाइप, मागची भिंत, सगळं ब्रेक क्लीनरने धुऊन फडक्याने कोरडं करायचं आणि क्लीनर पुरता उडून जाऊ द्यायचा. तापलेल्या टर्बाइनवर तो मारणं म्हणजे आगीला बोलावणं. मग जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. इंजिन सुरू करून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघत राहायचं. पांढऱ्या पावडरीवर पहिला तपकिरी डाग जिथे उमटेल ते ठिकाण. फरशीवरचा थेंब कुठे पडला याला फारसा अर्थ नाही, कारण ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. शोधायची ती सर्वांत वरची ओली जागा. त्या जागेच्याही वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग असतं आणि कित्येकदा गळत असतं तेच. टर्बो बसवताना हलवाहलव झाली, जुनं कडक पॅकिंग चिरलं, आणि ऑइल ओघळून टर्बोवर आलं. जागा अडचणीची असेल तर ऑइलमध्ये घालायचा फ्लुरोसंट रंग आणि अतिनील दिवा मिळतो. रात्री लावून पाहिलं की गळतीची रेघ पिवळी-हिरवी चमकते.

टर्बोच्याच जोडांत पहिला संशयित बँजो बोल्टचे वॉशर. बोल्टच्या खाली एक आणि बँजोच्या खाली एक, असे दोन तांब्याचे वॉशर असतात. ते दाबले जाऊन बसतात, आणि एकदा दबलेला वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दहा-वीस रुपयांची ही वस्तू वाचवण्याचा मोह अनेक मिस्त्रींना आवरत नाही. गळतंय म्हणून पान्यावर जोर देऊन आवळण्याचीही आपल्याकडे सवय आहे. त्याने पोकळ बोल्ट तुटतो. वॉशर नवे घालून कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळला की हा प्रश्न मिटतो. दुसरा संशयित खालच्या फ्लॅंजचं पॅकिंग, तिसरी ड्रेन होजची क्लिप. आणि ऑइल टर्बाइनच्या घरावर किंवा मॅनिफोल्डवर पडत असेल, तर तपास नंतर, गाडी आधी बंद. लालबुंद लोखंडावर ऑइल पेट घेतं. (नव्या टर्बोवरचं गंजरोधक ऑइल आणि हाताळताना लागलेले डाग पहिल्यांदा तापल्यावर धुरतात, ते वेगळं. तो धूर थोड्या वेळात आपोआप विरतो.)

आतल्या गळतीत खरी मजा आहे, कारण तिथे चार ठिकाणी बोट फिरवून बरंच काही समजतं. टर्बोच्या हवेच्या बाजूला दोन तोंडं, धुराच्या बाजूला दोन तोंडं. एअर फिल्टरकडून येणारा होज काढा आणि कॉम्प्रेसरच्या चाकाच्या अलीकडे, आतल्या भिंतीवर बोट फिरवा. मग पलीकडचा, इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढून तिथे फिरवा. अलीकडेही ओलं आणि पलीकडेही ओलं, तर ऑइल टर्बोतून येत नाहीये, टर्बोच्या आधीच येतंय. आधी कुठून? ब्रीदरमधून. बहुतेक गाड्यांत इंजिनच्या पोटातली वाफ ब्रीदरच्या होजने कॉम्प्रेसरच्या अलीकडे सोडलेली असते, आणि तिच्याबरोबर ऑइलचा तुषार येतोच. इंटरकूलरच्या पाइपात बोटाला लागेल इतपत तेलकटपणा हा रोग नव्हे. अलीकडे कोरडं ठणठणीत आणि चाकाच्या पलीकडे ऑइल थिजलेलं, असं असेल तरच कॉम्प्रेसरच्या बाजूची रिंग ऑइल सोडतेय म्हणायचं.

धुराच्या बाजूलाही हीच युक्ती, उलट दिशेने. टर्बाइनमधून बाहेर जाणारा पाइप काढून पाहिला आणि ओलं दिसलं, की लोक तिथेच थांबतात. थांबू नये. मॅनिफोल्डकडची, म्हणजे धूर टर्बाइनमध्ये शिरतो ती बाजूही उघडून पाहावी. तिथेही ऑइल असेल तर ते इंजिनातूनच येतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत, आणि टर्बो बिचारा मधल्या मधे बदनाम होतोय. शिरतानाची बाजू सुकी, काजळीची, आणि बाहेरची ओली, तर टर्बाइनची रिंग.

अजून एक फसवा धूर आहे. जुना टर्बो फुटला असेल, तर त्याने जाता जाता इंटरकूलरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये भरपूर ऑइल ओतून ठेवलेलं असतं. नवा टर्बो निर्दोष असला तरी ते जळून संपेपर्यंत गाडी निळा धूर मारणारच. म्हणून टर्बो बदलताना इंटरकूलर उतरवून धुऊन घ्यावा. डिझेल गाडीत ही केवळ स्वच्छतेची बाब नाही. साठलेलं ऑइल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला आता डिझेलची गरजच उरलेली नसते. बीएस-6 डिझेल गाड्यांमध्ये उलट अडचण. मागे कॅटॅलिस्ट आणि काजळी पकडणारा फिल्टर असल्यामुळे धूर फारसा दिसतच नाही, ऑइलची राख फिल्टरमध्ये साठत जाते, आणि मालकाला पत्ता लागतो तो डॅशबोर्डवर दिवा लागल्यावर. अशा गाडीत धुराची वाट न बघता डिपस्टिकवर विश्वास ठेवावा.

आता मोरीकडे, म्हणजे ड्रेनकडे. एवढ्यावर पोचलात आणि ऑइल खरोखर रिंगेतूनच जातंय हे पक्कं झालं असेल, तरीही टर्बो उतरवायची वेळ आलेली नाही. ड्रेनचा पाइप टर्बोपासून चेंबरपर्यंत नजरेने आणि बोटाने तपासा. तो सतत उताराने जायला हवा. मध्ये कुठे पोटात झोळ पडला असेल तर त्या झोळात ऑइल साठून राहतं आणि मागून येणारा फेस अडतो. जागेवर ओरिजिनल पाइप मिळाला नाही म्हणून साधा रबरी होज लावलेला असतो; थंड असताना तो छान दिसतो, ऑइलच्या उष्णतेने मऊ झाला की वळणावर चिमटतो. कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगसकट टर्बोचा मधला गाभा, बदलताना घर थोडं फिरलं, तर ऑइलचं तोंड तिरकं होतं. गॅरेट ही टर्बो बनवणारी कंपनी ड्रेन उभ्या रेषेपासून 35 अंशांहून जास्त कलू देऊ नये असं सांगते, गाडी सपाट जमिनीवर असताना. ओळंबा लावून हे दोन मिनिटांत कळतं. ड्रेनचं दुसरं टोक चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवं. सर्व्हिसिंगला कुणी लिटरभर ऑइल जास्त ओतलं असेल, तर तेवढ्यानेही वाट बुडते, वर क्रँक ते ऑइल घुसळून फेस करतो. कधी कधी सगळा रोग डिपस्टिकवर दिसणारं जादा ऑइल काढून टाकल्यावर बरा होतो, आणि मग मिस्त्रीला बिलावर काय लिहावं ते सुचत नाही.

आणि सिलिकॉन. याबद्दल थोडं रागानेच लिहायला हवं. ड्रेनच्या फ्लॅंजला धातूचं किंवा फायबरचं पॅकिंग असतं, ते कोरडंच बसवायचं असतं. पण "गळायला नको" म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना लाल किंवा काळा सिलिकॉन थापतात. बोल्ट आवळले की जेवढा सिलिकॉन बाहेर दिसतो तेवढाच आत पिळला जातो. फ्लॅंज उघडून पाहिलं की भोकाच्या कडेने त्याची गोल वळी लोंबकळताना दिसते. सोळा मिलिमीटरच्या वाटेची दहाच उरलेली असते. हाच प्रकार वरच्या, ऑइल आत येण्याच्या तोंडावर केला तर परिणाम वाईट. तुटलेला तुकडा भोकात बसतो आणि बेअरिंगला ऑइल मिळत नाही. पॅकिंग कोरडं ठेवा, आणि बसवण्याआधी फ्लॅंजवर धरून त्याचं भोक टर्बोच्या भोकाशी जुळतंय का तेवढं बघा. दुसऱ्याच टर्बोचं पॅकिंग निम्मं भोक झाकून बसलेलंही सापडतं.

ड्रेन स्वच्छ आणि सरळ आहे, तरी ऑइल येतंय? मग इंजिनच्या पोटातला दाब बघायचा. पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस खाली निसटतोच, तो ब्रीदरवाटे बाहेर जायला हवा. ब्रीदर चोंदला किंवा रिंगा झिजल्या, तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि तो ड्रेनच्या पाइपातून वर चढू पाहतो. उतरणाऱ्या फेसाला खालूनच विरोध. गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. साधी चाचणी म्हणजे आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघणं : झाकण उडायला लागलं आणि धुराचे भपकारे आले तर दाब आहे. जास्त नेमकं हवं असेल तर डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक नळी जोडून तिचा लांब यू आकार करा आणि त्यात थोडं पाणी भरा. एका बाजूचं पाणी किती चढतं ते दिसतं. मग ब्रीदरचा होज सोडून पुन्हा बघा. दाब लगेच उतरला तर ब्रीदर चोंदलाय, काम स्वस्तात झालं. होज सोडूनही दाब तसाच आणि तोंडातून धूर, तर इंजिनच्या रिंगा गेल्यात, आणि नवा टर्बो हा त्या इंजिनावरचा चुकीचा खर्च होता.

मूळच्या बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला बाहेरून किट लावणाऱ्यांना इथे एक खास खोडी भेटते. अशा इंजिनात ब्रीदरची एक नळी एकदिशा व्हॉल्व्हमधून थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते, कारण तिथे नेहमी पोकळी असायची. टर्बो लावल्यावर त्याच मॅनिफोल्डमध्ये दाब येतो. तो व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर टर्बोने दाबलेली हवा उलटी इंजिनच्या पोटात जाते आणि डिपस्टिक, टॅपेट कव्हर, टर्बो, जिथून वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर. अशी गाडी आयडलला शहाण्यासारखी वागते, जोरात मारली की गळते. (आपल्याकडे असं किट रस्त्यावरच्या गाडीला लावण्याआधी मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 वाचून घ्यावं, गाडीत बदल करण्याविषयीच ते आहे.)

येणाऱ्या ऑइलचा दाब जास्त झाल्यामुळे गळती होते, हे कारण फार सांगितलं जातं, पण ते मुख्यतः बॉल बेअरिंगच्या टर्बोला लागू आहे. त्याला ऑइल थोडं लागतं. गॅरेट पूर्ण वेगात 40 ते 45 पीएसआय पुरेसे मानते आणि त्यासाठी सुमारे एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लावतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत साधं बेअरिंग असतं, शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. त्याला रिस्ट्रिक्टर घातला की गळती कमी होते खरी, कारण ऑइलच कमी येतं, आणि काही दिवसांत बेअरिंग जातं. हा इलाज सुचवणाऱ्याकडे पुन्हा गाडी देऊ नये.

चोंदलेला एअर फिल्टरही ऑइल ओढतो. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पोकळी तयार होते आणि दाबाचा फरक उलटा फिरतो. तसंच तासन् तास आयडल. लग्नाच्या हॉलबाहेर एसी लावून ड्रायव्हर झोपलाय, सायलेन्सरकडचा दाब नाममात्र, अशा वेळी टर्बाइनच्या बाजूने थोडं ऑइल झिरपणं नवलाचं नाही. त्यामुळे टर्बो तपासताना निव्वळ आयडलवर निकाल देऊ नये, गाडी घाटात एकदा लोडवर नेऊन आणावी.

एवढं सगळं बघूनही शंका उरली तर एक चाचणी निर्णायक ठरते. ड्रेनचा पाइप चेंबरच्या बाजूने सोडून एका मोठ्या उघड्या बाटलीत सोडायचा, चेंबरकडचं तोंड बुचाने बंद करायचं आणि इंजिन थोडा वेळ आयडलवर चालवायचं, पातळीवर नजर ठेवून. सायलेन्सरमधलं आधीचं ऑइल जळायला वेळ लागतो, म्हणून धीर धरायचा. धूर हळूहळू विरला तर टर्बो निर्दोष; दोष चेंबरच्या दाबात किंवा त्या तोंडात. विरला नाही तर मात्र टर्बोच.

टर्बो खरोखर बिघडला असेल तर हाताला कळतं. इंजिन बंद आणि थंड असताना कॉम्प्रेसरच्या चाकाचा नट दोन बोटांनी धरून आडवा हलवा. थोडा प्ले लागेल, तो असायचाच. चालू असताना ती जागा ऑइल भरून काढतं. मात्र हलवताना चाक घराला घासता कामा नये. आता आत-बाहेर ओढून बघा. तिथे हाताला जाणवेल इतका प्ले असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. नव्या टर्बोत ते जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोरडी सुरुवात. बसवल्यावर वरच्या भोकातून ऑइल भरून चाक हाताने फिरवायचं, मग इंधन बंद ठेवून ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारायचा, आणि सुरू झाल्यावर लगेच रेस करायची नाही. हे टाळलं की पहिल्या काही सेकंदांतच बेअरिंगवर ओरखडे उठतात. जुना, आतून कोळसा धरलेला ऑइल पाइप परत लावला तरी तेच होतं.

टर्बो परत पाठवायचाच झाला, तर दुकानदार कार्ट्रिज उघडून आधी बेअरिंग बघतो. ओरखडे किंवा कोळसा दिसला की तो तुमच्या ऑइलकडे आणि पाइपाकडे बोट दाखवतो. बेअरिंग चकचकीत निघालं तर ‘दोष आढळला नाही’ म्हणून पीस परत येतो. तेव्हा टर्बो उतरवण्याआधी ऑइलची पातळी लिहून ठेवा, ब्रीदरची चाचणी काय निघाली ते लिहा, चारही तोंडांचे आणि ड्रेनच्या पाइपाचा गाडीवर असतानाचा, असे फोटो काढा. एकदा टर्बो बाकावर आला की पाइप कुठे चिमटला होता, हे कुणालाच सांगता येत नाही.